कॅमेरा मुलांच्या हाती: किशोरवयीनांसोबत आरोग्याचा अभ्यास फोटोंमधून कसा करावा

नववीतल्या मुलीला प्रश्नावलीत विचारा, ‘शाळेत मिळणारी रक्तवाढीची गोळी नियमित घेतेस का?’ उत्तर बहुधा ‘हो’ येईल. समोर ताई किंवा सर बसलेले असतात, शेजारी मैत्रिणी असतात, आणि ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘का नाही?’ असणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्याच मुलीला सांगा, ‘गोळी हातात पडल्यापासून तिचं काय काय होतं ते फोटोत दाखव.’ मग कंपासपेटीत साठलेल्या निळ्या गोळ्या दिसू शकतात, वर्गाच्या खिडकीमागचं गवत दिसू शकतं, किंवा दुपारपर्यंत न उघडलेला डबा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा ‘किती’ ते सांगतो. ‘का’ ते कळायला मुलीचा सोमवार पाहावा लागतो. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, ठरल्याप्रमाणे सोमवारी, सहावी ते बारावीच्या मुलांना द्यायची असते आणि ती जेवणानंतर घ्यायची असते. शाळेतलं मोफत जेवण मात्र आठवीपर्यंतच. म्हणजे नववीत गेल्यावर गोळी चालू राहते, जेवण थांबतं. त्यात घरी सोमवारचा उपवास असेल तर गोळी रिकाम्या पोटी जाते, मळमळतं, आणि पुढच्या सोमवारी ती गोळी गवतात जाते. हे तीन धागे तीन वेगवेगळ्या फायलींत असतात. मुलीच्या फोटोत ते एकत्र येतात.

या लेखात ज्या पद्धतीबद्दल सांगायचं आहे तिला फोटोव्हॉइस म्हणतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलाइन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या ग्रामीण बायकांसोबत ती घडवली. बायकांनी स्वतःच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायचे, त्यावर गटात बोलायचं आणि ते धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडायचं, अशी ती कल्पना. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा विचार आणि स्त्रीवादी मांडणी तिच्या मुळाशी आहे. त्याआधी, 1957 मध्ये, जॉन कॉलियर यांनी मुलाखतीत फोटो दाखवून माणसांना बोलतं करण्याची रीत मांडली होती. फरक इतकाच की तिथे फोटो संशोधकाचे होते. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, यावर पुढचं सगळं बदलतं.

समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते आणि शाळेत आरोग्याचं काम करणारे शिक्षक यांना हाताशी धरता येईल अशी ही वाट आहे. क्रम पाळा. विशेषतः कॅमेरा वाटण्याची घाई करू नका.

प्रश्न लहान करा

‘किशोरवयीनांचे आरोग्यविषयक प्रश्न’ या विषयावर मुलं कचऱ्याचा ढीग, तुंबलेलं गटार आणि सिगारेट यांचेच फोटो आणतील, कारण निबंधाच्या वहीत आरोग्य म्हणजे एवढंच असतं. प्रश्न त्यांच्या दिवसात उतरला पाहिजे. ‘सकाळी उठल्यापासून शाळा सुटेपर्यंत पोटात काय जातं आणि ते कोण ठरवतं?’ ‘पाळीच्या दिवसांत शाळेत कुठे जायचं टाळतेस?’ ‘डोकं शांत होतं ती जागा कोणती?’ एका अभ्यासाला असे एक-दोनच प्रश्न पुरतात.

मुख्य प्रश्न ठरवताना दोन-चार मुलामुलींना सोबत घ्या. ‘ताण’ या शब्दावर ती गप्प बसतील, पण ‘डोक्याला ताप’ म्हटलं की बोलू लागतील. शब्द त्यांचेच घ्या.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून 10 ते 19 वयोगटासाठी चालतो. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसनं आणि असंसर्गजन्य आजार असे त्याचे सहा विषय आहेत. तुमचा प्रश्न यांपैकी कशात बसतो ते आधीच पाहून ठेवा. शेवटी निष्कर्ष घेऊन कोणाच्या टेबलापुढे उभं राहायचं ते त्यावरून ठरतं.

काय बिघडू शकतं ते आधी लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि विचार करा: हा फोटो काढताना मुलाला कोणी पकडलं तर? हा फोटो घरी दिसला तर? गावात लागला तर?

तंबाखूचं उदाहरण घेऊ. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, 18 वर्षांखालच्यांना विकायलाही बंदी आहे, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरी शाळेजवळच्या टपरीवर पुड्या लटकलेल्या असतात. उत्साही मुलगा सरळ टपरीवाल्याचाच फोटो काढेल. टपरीवाला त्याच्या काकांचा मित्र असतो, किंवा त्याच्या मागे कोणीतरी वजनदार माणूस असतो. फोटो तुमच्या अहवालात छान दिसेल, पण त्या गावात राहायचं आहे मुलाला. शाळेच्या भिंतीलगत पडलेल्या रिकाम्या पुड्या मोजून, ओळीने मांडून काढलेला फोटो तेवढंच सांगतो आणि कोणाचंही नाव घेत नाही.

विषय फारच नाजूक असेल, उदाहरणार्थ घरातली मारहाण किंवा प्रेमसंबंध, तर कॅमेरा बाजूलाच ठेवा. त्याऐवजी शरीराचा नकाशा करता येतो. मोठ्या कागदावर झोपून शरीराची बाह्यरेषा काढायची आणि तिच्यात रंग, खुणा, शब्द भरायचे. 2002 मध्ये केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांसोबत ही रीत आकाराला आली. कागदावरच्या आकृतीत दुखणं दाखवायला कोणाचा चेहरा लागत नाही. आणखी एक पर्याय म्हणजे दोन-तीन मिनिटांची आवाजातली गोष्ट. मुलाने स्वतःच्या आवाजात सांगायची आणि सोबत त्याने निवडलेली किंवा काढलेली चित्रं जोडायची. वेळ जास्त लागतो, पण ज्यांना लिहिणं जड जातं त्यांना ही फार मानवते.

परवानग्या: कागद कमी नाहीत

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 18 वर्षांखालच्या सहभागींसाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालकांची संमती लागते. त्याशिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: 7 ते 12 वयात तोंडी, 12 ते 18 मध्ये लेखी. पालकांनी सही केली आणि मुलगी ‘नको’ म्हणाली, तर ती सहभागी नाही. एवढं सरळ आहे. पालकांना विचारणंच मुलाला धोक्याचं ठरेल असा विषय असेल, तर काय करायचं ते एथिक्स कमिटीसमोर, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीसमोर, मांडा. निर्णय तिचा, तुमचा नाही. बालगृहातल्या मुलांबरोबर काम असेल तर बालकल्याण समितीकडे आधी जा. अशा मुलांची ओळख माध्यमांतून उघड करण्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यात मनाई आहे.

संमती एकदाच घेऊन भागत नाही. ती तीन वेळा लागते. पहिली, अभ्यासात येण्याची. दुसरी, ज्याचा फोटो काढायचा त्या माणसाची. तिसरी, चर्चा झाल्यानंतर, प्रत्येक फोटोसाठी स्वतंत्रपणे: हा फक्त गटात राहू दे, अहवालात चालेल, प्रदर्शनात चालेल, की पुसून टाकायचा? तिसरी संमती बहुतेक जण गाळतात, आणि खरी गरज तिचीच असते. फोटो काढताना मुलीला तो साधा वाटतो, चर्चेत त्याचा अर्थ उलगडतो आणि मग तिला तो लपवावासा वाटतो. कुठल्या तारखेपर्यंत फोटो मागे घेता येईल ते सांगून ठेवा. अहवाल छापून वाटला गेल्यावर तो परत घेता येणार नाही, हेही स्पष्ट सांगा.

फोटो सर्वसाधारणपणे काढणाऱ्याच्या मालकीचा असतो, मग तो काढणारा तेरा वर्षांचा का असेना. तुम्ही तो वापरता, तुमच्या संस्थेचा होत नाही. संमतीपत्रात हे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात घाला.

गुप्ततेला मर्यादा असते आणि ती पहिल्याच दिवशी सांगायची असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. या कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या प्रियकराविषयी सांगितलं तरी हा प्रश्न उभा राहतो. ‘तू काहीही सांग, माझ्याकडेच राहील’ असं म्हणू नका. ‘कोणी तुला इजा करत असेल तर मला मदत बोलवावी लागेल, आणि ते तुला आधी सांगून करीन,’ असं म्हणा. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416 हे दोन्ही क्रमांक प्रत्येक मुलाच्या वहीत पहिल्या पानावर लिहायला लावा. सत्राच्या वेळी ओळखीचा समुपदेशक फोनवर तरी उपलब्ध असला पाहिजे.

गट आणि यंत्रं

सात ते दहा जणांचा गट बरा. मोठा गट झाला की बोलकी तीन मुलंच बोलतात. पाळी, शरीर, छेडछाड असे विषय असतील तर मुली आणि मुलगे वेगळे बसवा. मुख्याध्यापकांनी ‘हुशार’ म्हणून निवडून दिलेल्या मुलांचा गट घेऊ नका. शाळेत कमी येणारी, ऊसतोडीहून परतलेली, मागच्या बाकावरची मुलं त्यात नसतील तर तुमचा अभ्यास पहिल्या बाकाचाच होईल.

प्रत्येकाकडे फोन असतोच, हे गृहीत धरू नका. घरात एक फोन असतो, तो वडिलांचा किंवा भावाचा, आणि मुलीला मिळतो तो त्यांच्या नजरेसमोर. तिच्या फोटोंची प्रत आपोआप ऑनलाइन साठते आणि घरातले सगळे ती पाहू शकतात. जमत असेल तर साधे डिजिटल कॅमेरे घ्या, दोन-तीन मुलांत एक, आणि मेमरी कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं. फोनच वापरायचा असेल तर त्यात आपोआप साठवण बंद करा, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करा. नाहीतर फोटोच्या आत घराचं ठिकाण लपून बसतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागवणं सोयीचं असतं, तरी ते टाळा. एकाचा फोटो क्षणात वीस फोनांत जातो.

पहिलं सत्र कॅमेऱ्याशिवाय

पहिल्या दिवशी कॅमेरे पिशवीतच राहू द्या. मुलांना जोड्यांत नाटुकली करायला लावा: एक जण फोटो मागणारा, दुसरा नकार देणारा. मग नकार देणारी आजी, मग ‘कशाला पाहिजे?’ म्हणून हटकणारा दुकानदार, मग ‘माझा काढ ना’ म्हणून मागे लागणारं लहान पोरगं. कॅमेरा खाली कसा ठेवायचा, ‘बरं, राहू द्या’ म्हणून कसं निघायचं, हे तोंडात बसलं पाहिजे.

नियम थोडे ठेवा आणि मुलांकडूनच लिहून घ्या. न विचारता चेहरा नाही. आंघोळ, शौच, कपडे बदलणं, दवाखान्यातला रुग्ण नाही. भांडण चालू असेल तिथे थांबायचं नाही. एकट्याने, अंधारात, अनोळखी जागी नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा. छिद्र-वेग वगैरे शिकवत बसू नका. तीन गोष्टी पुरतात: उजेड पाठीमागे घ्या, जवळ जा, आणि एकाच गोष्टीचे तीन ठिकाणांहून फोटो काढा. उभं राहून काढलेला फोटो आणि लहान भावाच्या उंचीवरून काढलेला फोटो यांत फरक काय, हे मुलं स्वतःच शोधतात.

मग महत्त्वाचा सराव, चेहऱ्याशिवाय माणूस दाखवण्याचा. हात, सावली, दारातल्या चपला, दोरीवर वाळणारा गणवेश, पाठमोरी वेणी. चेहरा नंतर पुसट करण्यावर भिस्त ठेवू नका. लहान गावात गणवेश, घराचं दार, गाडीचा नंबर, हातातली बांगडी यांवरून माणूस ओळखू येतो. शेवटचा सराव, नसलेल्या गोष्टीचा फोटो. भीती कशी दाखवायची? कुलूप लावलेलं शौचालय दाखवता येतं. पण वास? गर्दीतला धक्का? इथे मुलं अडतात, हसतात, आणि मग तुम्हाला सुचणार नाहीत अशी चित्रं घेऊन येतात.

काढण्याचे दिवस

आठ ते दहा दिवस द्या आणि त्यांत एक रविवार, एक बाजाराचा दिवस येईल असं पाहा. मध्ये एकदा भेटा. ‘किती झाले?’ असं विचारलं की मुलं आकडा वाढवायला लागतात, म्हणून ‘कोणी हटकलं का?’ असं विचारा. प्रत्येकाकडे छोटी वही असू द्या. फोटोचा क्रमांक आणि एक ओळ. शिवाय वहीत शेवटचं पान राखून ठेवा: न काढता आलेले फोटो. दादा घरी होता म्हणून, लाज वाटली म्हणून, कॅमेरा नेला तर ओरडतील म्हणून. हे पान पुष्कळदा सगळ्या फोटोंपेक्षा जास्त सांगतं. रक्तक्षयाच्या अभ्यासात ‘रात्री आई उरलेलं खाते तो फोटो नाही काढला’ अशी ओळ आली, तर घरात कोण शेवटी जेवतं या प्रश्नाचं दार उघडतं.

बोलणं

इथेच खरा अभ्यास होतो. प्रत्येकाने आपल्या फोटोंतून तीन-चार निवडायचे आणि त्यांचे कागदी प्रिंट काढायचे. पडद्यावरचा फोटो सगळे एकाच दिशेला तोंड करून पाहतात. प्रिंट हातातून हातात जातो, त्यावर बोट ठेवता येतं.

वँग यांच्या पद्धतीत प्रत्येक फोटोला पाच प्रश्न विचारतात: यात काय दिसतं? खरं काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? असं का आहे? आपण काय करू शकतो? प्रश्न चांगले आहेत, पण ओळीने विचारले की तोंडी परीक्षा होते. मी पहिला प्रश्न ज्याने फोटो काढला त्याला विचारत नाही, इतरांना विचारते. इतर जण ‘ही गोळी फेकून दिली, बेजबाबदार आहे’ म्हणतात. मग काढणारी म्हणते, ‘तसं नाही.’ तिथून गाडी चालू होते.

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नांना एक ठरलेलं उत्तर येतं: ‘लोकांमध्ये जागृती नाही, जनजागृती केली पाहिजे.’ भाषणस्पर्धांनी आपल्या मुलांना हे वाक्य पाठ करून ठेवलंय. त्यावर थांबू नका. कोणाला जागं करायचं? त्यांना हे माहीत नाही असं तुला खरंच वाटतं? माहीत असूनही ती गोळी का घेत नसेल? जेवणाची सुट्टी गोळीच्या आधी असती तर? तिथून पुढे शाळेचं वेळापत्रक, आठवीनंतर बंद होणारं जेवण, रेशनवर काय मिळतं, असं खरं कारण हाताला लागतं.

ध्वनिमुद्रण करा, आधी विचारून. ओळी मुलांच्याच बोलीत लिहा. अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू, जे असेल ते. ‘जीव मळमळ करते’ याचं ‘मला मळमळते’ करू नका. फोटोखालचं नाव मुलाने स्वतः निवडलेलं टोपणनाव. ते आवडत्या क्रिकेटपटूचं निघालं तरी चालेल.

विश्लेषण

सगळे प्रिंट जमिनीवर पसरा आणि मुलांना ढीग करायला सांगा. ढिगांना नावं तीच देतील. तुमच्या यादीत ‘अन्नाची उपलब्धता’ असेल, त्यांच्या ढिगाचं नाव ‘दादाचा डबा आधी’ असेल. दुसरं ठेवा. त्यानंतर तुम्ही ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर, वहीतल्या ओळी आणि फोटो असे तिन्ही एकत्र ठेवून विषय शोधा. नुसत्या फोटोवरून अर्थ काढू नका. स्वच्छ ताटाचा फोटो पोटभर जेवणाचा असू शकतो, किंवा काहीच वाढलं गेलं नाही याचा. फाइलला नाव देताना टोपणनाव, तारीख, क्रमांक. खऱ्या नावांची यादी वेगळ्या ठिकाणी, कुलपात. मसुदा झाला की पुन्हा गटासमोर वाचा आणि जिथे मुलं नकारार्थी मान हलवतात ते बदला.

दाखवायचं कोणाला

प्रदर्शन म्हणजे हार-तुरे आणि फीत नव्हे. ज्याच्या हातात बदल आहे त्याला बोलवा: गोळीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि मुख्याध्यापक, शौचालयासाठी शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत, घरोघरच्या बोलण्यासाठी आशाताई. पालकांना त्याच्या आधी, वेगळ्या दिवशी दाखवा. आपल्या घरातली चूल अनोळखी साहेबांसमोर पहिल्यांदा पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये. वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीला बोलवायचं असेल तर ते मुलांना विचारून, आणि कुठले फोटो छापायचे याची यादी आधी हातात देऊन.

मागणी एकच ठेवा आणि ती करता येण्यासारखी असू द्या. ‘नववी-दहावीला गोळी सुट्टीत, डबा खाल्ल्यावर द्या, आणि उपवास असलेल्या मुलींना मंगळवारी घेऊ द्या’ यावर वैद्यकीय अधिकारी त्याच बैठकीत हो किंवा नाही म्हणू शकतात. ‘सकस आहार मिळावा’ यावर ते फक्त टाळ्या वाजवू शकतात.

नंतरचं काम

प्रत्येक मुलाला त्याचे सगळे प्रिंट द्या, घरी न्यायला धोक्याचे असतील ते सोडून. मूळ फाइली कुठे राहणार, कोण उघडू शकणार आणि कुठल्या तारखेला पुसल्या जाणार ते लिहून संस्थेच्या फायलीत लावा. त्या तारखेला कोणी पुसायच्या त्या माणसाचं पद लिहा, नाव नको, कारण माणसं नोकऱ्या बदलतात. बैठकीत जे कबूल झालं त्याचं काय झालं, हे सांगायला दोन-तीन महिन्यांनी शाळेत परत जा. काही झालं नसेल तर तसं सांगा, आणि गोळी अजूनही सोमवारी सुट्टीआधीच मिळतेय का ते मुलींनाच विचारा.